पॉइंट सहा न्यूटन

सेकंड शिफ्ट सुटते साडेअकराला.
कंपनीची बस त्र्यंबक रोडला सोडते,
तिथून अशोकनगरपर्यंत चालत.
निफाडला आज पाच अंश, असं बसमध्ये कुणीतरी म्हणालं
आणि सगळ्यांनी अभिमानानं खिडक्या लावून घेतल्या.

घरी दिवा चालू.
हर्षाली ओट्याशी, स्टुलावर, कानाला मफलर.
वहीत दोन गोल काढलेले.
एकात अधिक तीन, एकात उणे दोन,
मध्ये रेघ, रेघेवर तीस सेंटिमीटर.

"उत्तर पॉइंट सहा आहे, पप्पा. माझं येतंय
पॉइंट शून्य शून्य शून्य शून्य सहा.
जास्तीची शून्यं कुठून आली?"

माझ्या गणिताच्या अस्थी मी दहावीलाच रामकुंडात सोडल्यात.
तरी हात पुसले,
बोटांच्या रेषांतली करडी पावडर काही निघत नाही,
आणि विचारलं, तीस म्हणजे केवढं?
तिनं पट्टी आडवी धरली.

थांब, म्हटलं. हे मला माहीत आहे.

साठ हजार व्होल्टची गन मी रोज एवढ्यावरच धरतो.
एक वीत आणि वर चार बोटं.
समोर हुकाला टांगलेला मीटरचा डबा,
उघडा पत्रा, अर्थिंग दिलेला.
पावडर सुटते आणि आपणहून जाते त्याच्याकडे,
पाठीमागेसुद्धा वळून बसते, न सांगता.
दुप्पट लांब सरकलो तर वाटतं निम्मी बसेल.
निम्मी नाही बसत. बरीच खाली पडते,
मग आहेर साहेब झाडू दाखवतात.

"वर्ग, पप्पा," ती म्हणाली, "अंतराचा वर्ग.
दुप्पट लांब तर जोर पाव.
पण तुमची गन म्हणजे बिंदू नाही. डबाही नाही.
पुस्तकात सगळे बिंदू असतात."

मग आतला कोपरा का उपाशी राहतो,
कितीही मारा, पावडर शिरत नाही,
हे विचारणार होतो,
पण तिची पेन्सिल मध्येच थांबली.

"मीटर!
सेंटिमीटरचे मीटर केलेच नाहीत मी."

नऊशेवर काट मारली. खाली पॉइंट शून्य नऊ.
वर नऊ, शेजारी दहाच्या डोक्यावर बसलेला नऊ,
मग तीन, दोन, मायक्रोचे दोन सहा मिळून ऋण बारा,
सगळं कुजबुजत, आई झोपली होती म्हणून.

आणि हे उणे? दोनच्या मागचं?

"ते आत्ता बाजूला ठेवायचं.
आधी किती ते काढायचं,
मग कुणीकडे."

मला दौलत आठवला.
दिवाळीच्या बोनसपासून आम्ही एकाच बूथवर पाठीला पाठ.
कुणीकडे ते पहिल्या दिवशीच ठरलं.
किती, ते कुणी काढलंच नाही.

"आलं. पॉइंट सहा न्यूटन. आकर्षण."
तिनं उत्तराला चौकोन केला, दोनदा गिरवला.

पॉइंट सहा म्हणजे केवढं, हर्षू?

तिनं फ्रिज उघडला.
पिंपळगावहून मामानं पाठवलेला घड, हंगामाआधीचा, हिरवा.
माझा तळहात उघडून एकेक मणी मोजत ठेवला.
बारा. "एकेक पाच ग्रॅम धरा. साठ. साधारण एवढं."

एवढंच?

"एवढंच. पण मध्ये काही नाहीये, पप्पा.
दोर नाही, हूक नाही.
आणि तरी एवढं."

मी हात तसाच धरून बसलो.
बाहेर थर्ड शिफ्टचा भोंगा झाला,
कुत्रं एकदा भुंकून गप्प.
सबंध दिवस साठ हजार हातात असतात,
पण वजन असं कुणी ठेवून दाखवलं नव्हतं.

तिनं एक मणी उचलला, खाल्ला,
एक डोळा गच्च मिटला.
"आंबट.
आता पॉइंट पंचावन्न."